चिंट्या टपात बसला

अहो, आमच्या पिंपळवंडीच्या चिंट्याचं सांगते ना. एवढंसं टेरियर कुत्रं, पण उसात बिबट्याचा वास आला तरी मागं हटायचं नाही. पाण्याची बादली दिसली की मात्र थेट ट्रॅक्टरखाली. पिल्लू असताना शेततळ्यात पडलं होतं, तेव्हापासूनची ही भीती.

यंदा त्याच्या अंगावर गोचिडी झाल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “औषधाच्या साबणानं आंघोळ घातलीच पाहिजे, नाहीतर ताप येऊन दगावेल.” आम्ही नवरा-बायको धरायला गेलो, तर बिचारं थरथरत जागेवरच मुतलं. माझे सासरे, आबा, ओरडले, “सोडा त्याला! भ्यालेल्याला वढून काय व्हतंय?”

दुसऱ्या दिवशी आबा स्वतःच कोरड्या टपात जाऊन बसले, मांडीवर दूध-भाकरीची ताटली घेऊन. चिंट्या लांबूनच बघत राहिला, पण शेवटी भुकेनं टपात शिरला. मग रोज जेवण तिथंच. पुढं आबा ओल्या फडक्यानं त्याची पाठ पुसायला लागले, नंतर टपात थोडं कोमट पाणी घ्यायला लागले. आणि एका सकाळी त्याला साबण लावून तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं, तर चिंट्या आबांच्या छातीला टेकून गप बसून राहिला! मला तर रडूच आलं. मग त्यानं असं काही अंग झाडलं, की आबा डोक्यापासून भिजले.

आबांनी तशातच डॉक्टरांना फोन लावला. “डॉक्टर, झाली बरं का आंघोळ!”

“कुत्र्याची?”

“आमा दोगांची!”