चौसष्टाव्या वर्षी पहिलीत

अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय मुख्याध्यापिका, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, शाळेचा सर्व शिक्षकवर्ग, आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, आणि ज्यांच्यासाठी आपण आज सारे जमलो आहोत त्या पहिलीच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर जमिनीच्या मोजणीचं काम केलं, त्यामुळे मापात राहायची सवय आहे. तरी थोडं इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे बाईंकडे लहानपणी शिकले. मी मात्र त्यांच्या वर्गात बसलो तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. कसा, ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी माझी नात पहिलीत होती. घरात तिला भिंगरी म्हणतात, यावरून काय ते ओळखा. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले असतील, ती शेजारच्यांच्या कुंपणाच्या भिंतीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दहा आठवडे हलायचं नाही. वडील नोकरीनिमित्त दूर. आई, म्हणजे माझी मुलगी, हॉस्पिटलात नर्स. त्या वेळचे मुख्याध्यापक म्हणाले, "वर्ष गेलं असं समजा. पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीत बसवा."

मी म्हटलं, जाईल कसं? पहिलीत असतं काय? मुळाक्षरं, शंभरपर्यंत आकडे, चार बेरजा आणि दोन गाणी. पंधरा दिवसांत उरकतो!

वेळापत्रक करून पलंगासमोर चिकटवलं. नऊ ते दहा भाषा, दहा ते अकरा गणित. चुकलं की तीच ओळ दहा वेळा. आणि खरंच, पंधरा दिवसांत पोरीनं शंभरपर्यंत लिहून दाखवलं. मी खूश. सोळाव्या दिवशी वही उघडली, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काय झालं गं?"

"मला नाही येत."

"काय येत नाही?"

"काहीच नाही येत मला."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जी पोरगी झोपेतसुद्धा बोलायची, ती!

चौथ्या दिवशी मुलगी ड्यूटीवरून आली तसं मी म्हटलं, "जरा समजाव हिला. नुसता हट्ट आहे." तिनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, मलाही तुम्ही असंच शिकवलंत. मी अजून औषधाचा डोस तीनतीनदा तपासते. चुकेल म्हणून नाही. तुमचा आवाज ऐकू येतो म्हणून."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो. बाईंना सगळं मोकळेपणानं सांगायचं असं ठरवून निघालो होतो. प्रत्यक्षात तोंडातून निघालं एवढंच, की आणखी एखादं पुस्तक मिळेल का? बाईंच्या हातात खडू होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुस्तक देते. आधी तासभर बसा."

शेवटच्या बाकावर बसलो. गुडघे हनुवटीला टेकत होते. मुलं नुकतीच व्हरांडा पावलांनी मोजून आली होती. एकजण म्हणे त्रेपन्न पावलं, एकजण म्हणे एकसष्ट. दोघांचे आवाज चढले. माझा अख्खा जन्म या कामात गेलेला, राहवेना. बसल्या जागेवरून म्हणालो, "अरे, एकोणीस मीटर आहे तो! आणि पाऊल हे काय माप झालं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, बोलायचं असेल तर हात वर करायचा."

चाळीस पोरं खदाखदा हसली.

मग त्यांनी मुलांना विचारलं, "दोघांनी नीट मोजलं, तरी उत्तरं वेगळी का आली?" आणि थांबल्या. किती थांबल्या हो! माझं मनात दहा वेळा उत्तर देऊन झालं. शेवटी एकसष्टवाली बुटकी मुलगी म्हणाली, "माझे पाय छोटे आहेत ना, म्हणून मला जास्त लागली." लगेच दोघांनी पावलाला पाऊल लावून पाहिलं. सगळ्यांनी त्याचं चित्र काढलं, खाली एकेक वाक्य लिहिलं. कुणी 'पाऊल'मधला ऊ खाल्ला होता, तो शेजाऱ्यानं भरून दिला. निघताना मी विचारलं, "बाई, हा तास कशाचा? गणिताचा, भाषेचा की चित्रकलेचा?" त्या म्हणाल्या, "मुलांनी कधी विचारलं नाही."

घरी येऊन पलंगाशी बसलो. म्हटलं, "आज बाई मला ओरडल्या."

भिंतीकडची मान वळली. "तुला? का?"

"हात वर न करता बोललो."

ती जी हसली! "मग? मग काय म्हणाल्या बाई?"

त्या 'मग'साठी मी चार दिवस तरसलो होतो.

पुढचे सात आठवडे मी रोज शाळेत आलो. एकदा सर्दीमुळे आलो नाही, तर पोरांनी रजेचा अर्ज मागितला. दिला. ओल्या कापसावर बी रुजवलं, त्याची उंची रोज दोऱ्यानं मोजली. रांगेत मागे उभं राहायला शिकलो. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायला शिकलो, ते फार जड गेलं. जे वर्गात व्हायचं ते घरी पलंगावर मांडायचो. एका सकाळी नात खिडकीतल्या वाटीतलं कोवळं रोप बघून म्हणाली, "आजोबा, हे उजेडाकडे वाकलंय." सगळं समजावून सांगायचं ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "उद्या वाटी फिरवून ठेवूया का?"

प्लास्टर निघालं. लंगडत का होईना, ती वर्गात आली. मुख्याध्यापकांनी समोर बसवून वाचायला लावलं, आणि तिचं वर्ष वाचलं. आज ती सातवीत आहे.

हे इथंच संपायला हरकत नव्हती. पण त्याच वर्षी माझ्या मुलीनं वरच्या पदाची परीक्षा द्यायची ठरवली. याआधी दोनदा फॉर्म भरून ती बसली नव्हती. एका सुटीच्या सकाळी पुस्तकं घेऊन टेबलाशी आली. म्हणाली, "बाबा, जवळ बसता? काही सांगायचं नाही. नुसतं बसा."

बसलो. तासाभरानं तिनं औषधाच्या प्रमाणाचं एक गणित चुकवलं. मला दिसलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. पान उलटता उलटता ती थांबली, मागे गेली, आपणच खोडून नीट केलं. माझ्याकडे पाहिलं. आणि तिनं खुर्ची जरा माझ्याकडे ओढून घेतली.

परीक्षेत ती पास झाली, हे सांगायला आनंद वाटतो.

बाई, एकतीस वर्षं आपण एकाच इयत्तेला शिकवलंत, असं मघापासून सगळे कौतुकानं म्हणताहेत. त्या इयत्तेत किती जण शिकून गेले याचा आकडा कुणाकडेच पुरा नसणार. आपल्याला आता भरपूर निवांतपणा आणि उत्तम आरोग्य लाभो.

संयोजकांनी आठवणीनं बोलावलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं, अशी विनंती शेवटी सभागृहाला करायची असते. ती करतो. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली आहे. तिला तीच विनंती वेगळी करतो, आणि ती आजच्या बोलण्यापुरती नाही.

नमस्कार.