काल कुठे गेला होतात?

...आणि विचारते कुठे, तर बाहेरच्या खोलीत, घरातले सगळे समोर बसलेले असताना! ‘आजोबा, काल तुम्ही कुठे कुठे गेलात?’ आता मला सांगा, हा प्रश्न चारचौघांत विचारायचा असतो का? बायको समोर, मुलगा समोर, सून दाराला टेकून उभी, नात मोबाइलमधून मान वर काढून बघतेय. पोलीससुद्धा विचारायचं असलं तर माणसाला बाजूला घेतात. माणसाला विचारायची एक रीत असते.

माहिती गोळा करायला आलेली ती मुलगी तशी वाईट नव्हती. घाम पुसत आली, पाणी मागितलं, बसली. हातात ती पाटीसारखी काचेची मशीन. म्हणाली, शहराची नवी वाहतूक योजना होतेय, कोणत्या भागात किती माणसं राहतात, रोज कुठून कुठे जातात, कशाने जातात, कशासाठी जातात, हे सगळ्या घरांतून विचारतोय, म्हणजे बस कुठून न्यायची, रस्ता कुठला रुंद करायचा, घरं कुठे, गोदामं कुठे, ते ठरवता येईल. मी म्हटलं, ठरवा. माझं काय जातं? मी आयुष्यभर सुतारकाम केलं. माप घेतल्याशिवाय करवत लावू नये हे मला कळतं. शाळा फार झाली नाही, पण एवढं कळतं.

पण काल होता बुधवार. आणि बुधवारी मी कोपऱ्यावरच्या थांब्यावरून बस पकडून धाकट्या भावाकडे जातो. हे घरात कुणाला माहीत नाही. का माहीत नाही ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याची काही भानगड आहे.

धाकट्यानं घर बांधलं. पुढचं दार मी केलं. माझ्या हातानं, माझ्या लाकडाचं, त्याच्याकडून छदाम न घेता. आणि घर बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर हा शहाणा म्हणतो, ‘दादाचं दार देखणं आहे, पण अडतं हो जरा.’ जरा! चाळीस माणसांत! मी म्हटलं, दार अडत नाही, तुझी चौकट वाकडी आहे. तो म्हणाला, चौकट गवंड्यानं ओळंबा लावून सरळ बसवलीय. मी म्हटलं, मग गवंड्यालाच भाऊ म्हण, या दारातून मी पाऊल आत टाकणार नाही. आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, जो त्याच्याकडे जाईल त्यानं मला तोंड दाखवू नये. बोललो ते बोललो.

आता बोललेलं मी मोडलेलं नाही हं, तुम्हाला सांगतो. मी त्याच्या दारातून आत जात नाही. बाहेर ओट्यावर बसतो. तो खुर्ची बाहेर आणून ठेवतो. चहासुद्धा दारातून येत नाही, खिडकीतून येतो. आम्ही दोघं बसतो, गुडघ्यांचं बोलतो, जुन्या कारखान्यातल्या मालकाला शिव्या देतो, दाराचा विषय काढत नाही, आणि मी परत येतो. घरी विचारलं तर फिरायला गेलो होतो. झालं. यात कुणाचं काय बिघडलं?

आणि ही पोरगी विचारते, काल कुठे गेलात!

मी म्हटलं, ‘कुठेच नाही.’

‘अजिबात नाही, आजोबा?’

‘गल्लीच्या टोकापर्यंत. पायी.’

तिनं काचेवर बोट आपटलं. मग म्हणे, एरवी आठवड्यात बसनं कुठे जाणं होतं का? मी म्हटलं, बसनं मी जात नाही. सून बघत होती ना! मग बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी कुठे जाणार, घर एके घर. मुलाला विचारलं. तो म्हणाला, ऑफिस आणि घर. इथे सूनबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली केली, कारण हा रोज दिवेलागणीनंतर तास-दीड तासानं उगवतो आणि काम होतं म्हणतो, अंगाला मात्र कॅरमच्या पावडरीचा वास. सून म्हणाली, ऑफिस, भाजी, घर. आणि तिच्या आईच्या घरची किल्ली तिच्या पर्समध्ये काय शोभेला असते? नात म्हणाली, कॉलेज, लायब्ररी, घर. लायब्ररी कुठल्या रस्त्यावर आहे हे तिनं सांगितलं तर मी मिशी उतरवीन.

मुलगी बिचारी लिहून घेऊन गेली. मला वाटलं, अशी सरळ माणसं तिला दुसऱ्या घरात भेटायची नाहीत.

पण भेटली हो! गल्लीभर भेटली. शेजारचे औषधवाले, त्यांनी सांगितलं आम्ही सगळीकडे गाडीनंच जातो. गाडी! त्या गाडीखाली मांजर व्यायली, पिल्लं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, गाडी जागची हललेली नाही. समोरचे निवृत्त हेडक्लार्क, त्यांना वाटलं ही घरपट्टी वाढवायला आलीय, म्हणून घरात दोघंच राहतो म्हणाले. वरच्या मजल्यावर दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, सगळी श्वास रोखून गप्प. एक कपबशी फुटली म्हणे वर, तर हे म्हणाले उंदीर आहेत. मी काय म्हणतो, यात लोकांची चूक काय? माणसाला विचारायची एक रीत असते.

पुढे काही महिने काही नाही. आणि एका बुधवारी थांब्यावर जातो तर खांबाला कागद. ही बस बंद होणार, हरकत असेल त्यानं वॉर्डाच्या सभागृहात येऊन सांगावं.

दुसरी बस घ्यायची तर दोनदा बदलावी लागते, मध्ये रस्ता ओलांडायचा तो लोखंडी जिना. माझ्या गुडघ्यानं चढवत नाही, धाकट्याचा तर माझ्याहून वाईट. रिक्षा म्हणाल, तर तो रिक्षावाला गल्लीत उभा राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडणार, ‘कुठं जायचं काका?’ म्हणजे बस गेली की भाऊ गेला. सरळ हिशेब आहे.

गेलो सभागृहात. तर अख्खी गल्ली आधीच हजर! औषधवाले, हेडक्लार्क, आमची सून, आणि बायकांच्या रांगेत आमची ही. मी म्हटलं, तू इथे कशाला? ती म्हणाली, पंखे आहेत म्हणून बसलेय.

पुढे एक तरुण साहेब. आवाज मऊ. भिंतीवर शहराचा नकाशा, ठिकठिकाणी रंग. आमची गल्ली पिवळी. साहेब म्हणाले, लोकसंख्या आणि प्रवास यांची सगळी माहिती एकत्र केली, तर या भागातली माणसं फारच घरबशी निघाली. शहरात सर्वांत कमी हलणारी. जी थोडी हलतात ती स्वतःच्या गाडीनं. आणि त्या तिकडच्या वस्तीत तर इकडून कुणीच जात नाही. म्हणून ही बस दुसरीकडे वळवू आणि तो तिकडचा भाग गोदामांना, ट्रक उभे करायला देऊ. तिकडचा भाग जांभळा. त्या जांभळ्यात कुठेतरी धाकट्याचा ओटा.

मी उठलो. मला भाषण येत नाही. म्हटलं, ‘साहेब, हे चुकीचं आहे. त्या बसला माणसं असतात.’

साहेब म्हणाले, ‘कोण असतं, आजोबा?’

म्हटलं, असतात. उभी असतात.

साहेबांनी समोरच्या मशीनमध्ये पाहिलं, माझा घरक्रमांक विचारला. मग अगदी अदबीनं म्हणाले, ‘आजोबा, आम्ही घरी येऊन विचारलं होतं. बसनं जात नाही, असं तुम्हीच सांगितलंत.’

खरं होतं ते. म्हटलं, बसावं खाली. धाकटा नाही तर नाही, या वयात नवे भाऊ मिळत नाहीत, पण अब्रूही नवी मिळत नाही. वाकलो होतो खुर्चीकडे, तुम्हाला सांगतो. पण डोळ्यासमोर आली ती खुर्ची. ओट्यावरची. बुधवारी तो बाहेर काढणार आणि संध्याकाळी आत नेणार.

सरळ झालो. म्हटलं, ‘मी जातो. दर बुधवारी.’

‘कशासाठी?’

हेही विचारलंच! त्या पोरीचेच हे साहेब!

‘भावाकडे,’ म्हटलं.

मागे वळायची माझी छाती झाली नाही. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला.

‘मीपण जाते. शुक्रवारी. जावेकडे.’

मी वळलो. ही उभी! म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, ‘तुमच्या आधीपासून. आणि मी आत जाऊन बसते हो, ओट्यावर नाही.’ म्हणजे हिला ओटाही माहीत! जावेनं सांगितला असणार. आणि तो धाकटा, दर बुधवारी माझ्याशी गुडघ्यांवर बोलत बसला, शुक्रवारचं एक अक्षर बोलला नाही.

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. औषधवाले उठले, म्हणाले गाडी बंद आहे, आम्ही त्याच बसनं दुकानाचा माल आणतो. हेडक्लार्क म्हणाले, आमच्या दोन्ही सुना त्याच बसनं कामावर जातात. साहेब म्हणाले, तुमच्याकडे सुनांची नोंद नाही. त्यावर सभागृह हसलं, दोन्ही सुना सोडून. आमच्या सुनेनं सरळ सांगितलं, आई तिकडेच राहते, जाते मी. कुणाचा नवरा कुणाकडे बघत होता, कुणाची बायको कुणाकडे, सगळी गल्ली एकदम बसमध्ये सापडली.

साहेबांनी कपाळ धरलं. म्हणाले, हात वर करून आकडे बदलता येत नाहीत. पण ठीक आहे, वर्षअखेरपर्यंत बस चालू ठेवू. आता मात्र तोंडी काही ऐकणार नाही. तिकिटं मोजू. जाताना आणि येताना, दोन्हीकडून भरलेली दिसली तर राहील, आणि जांभळ्या रंगाचाही फेरविचार करू.

मला सांगा, हे आधीच केलं असतं तर? पण नाही. माणसाला विचारायची... जाऊ दे.

आता रोज जावं लागतं. बुधवारचं भागत नाही, बस भरली पाहिजे ना! गल्लीनं आपसांत वेळा लावून घेतल्यात. माझी सकाळची. पहिले आठ दिवस बरे गेले. मग वाहकानं सांगितलं, जाताना गर्दी ठीक आहे, पण त्याच वेळेला तिकडून इकडे येणारी बस रिकामी येते, साहेब तीही मोजतात. धाकट्याच्या कानावर गेलं. त्याच्या वस्तीला तर ट्रक नको आहेत. तो म्हणाला, दादा एवढं करतो तर मी घरी बसू का? सकाळचा इकडे यायला लागला.

म्हणजे मी इकडून निघतो, तो तिकडून निघतो. मधल्या पुलावर दोन्ही बस समोरासमोर येतात. तो खिडकीतून हात करतो. मी मान हलवतो. मी त्याच्या ओट्यावर बसतो, चहा घेतो, परत निघतो. तो माझ्या घरी बसतो, चहा घेतो, परत निघतो. पुलावर पुन्हा हात, पुन्हा मान.

बस तूर्त वाचली. भावाची गाठ पडून महिना झाला.