एक आई व एक निळा आइसबॉक्स बेपत्ता झाल्याबाबत

मी, ओबदुलिया तानोरी, वय ६३, विधवा, धंदा घरी तोर्तिया म्हणजे गव्हाच्या मोठ्या पातळ पोळ्या करून विकणे, राहणार लास पिलास वस्ती, एर्मोसियो शहर, सोनोरा राज्य, उद्यानाच्या फाटकाजवळील पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी थोरला मुलगा हिल्दार्दो, सून यानेथ व दोन नातवंडे यांच्यासह राहते. आमच्यात भांडण नाही. हे वाक्य हिल्दार्दोच्या आग्रहावरून घातले आहे.

आज मी हरवल्याची तक्रार हिल्दार्दोने दिली. मी सापडल्यावर त्याचे म्हणणे असे की, आईला उन्हाने भ्रम झाला होता असे लिहून घ्यावे, म्हणजे तो कागद डॉक्टरला दाखवता येईल आणि यापुढे आईला एकटीला बाहेर सोडायला नको. मला भ्रम झाला नव्हता. म्हणून सगळे क्रमाने सांगते.

आज रविवार असल्याने आम्ही शहराबाहेरच्या या वाळवंट उद्यानात आलो. आत शिरताच मेस्किटच्या झाडाखाली बाक आहे. हिल्दार्दो म्हणाला, "आई, तू इथं निवांत बस हं. सामान बघ. आम्ही आलोच चक्कर मारून." सामान म्हणजे दोन पिशव्या व चाके असलेला निळा आइसबॉक्स. सर्कशीला गेलो तेव्हाही मी तंबूबाहेर सामानापाशी होते. समुद्रावर गेलो तेव्हा गाडीत होते. समुद्राचा आवाज चांगला येत होता.

बाकावरून कुंपणापलीकडच्या रानमेंढ्याची नुसती शिंगे दिसत होती. उरलेला मेंढा बघावा असे मला वाटले. मी पिशव्या खांद्याला लावल्या व आइसबॉक्स ओढत निघाले. मेंढा पाहिला. फारच सुंदर होता. मग कासव पाहिले, ते निवडुंगाचे लाल फळ खात होते आणि लिपस्टिक फिसकटल्यासारखे त्याचे तोंड झाले होते. मी एकटीच मोठ्याने हसले. मग एका खडकावर जुन्या लोकांनी कोरलेली हरणे पाहिली आणि त्यांच्यात नाचणारा एक माणूस. मला पुढचे बघायचे होते, त्याच्याही पुढचे बघायचे होते, माझे पाय मला न विचारता चालत होते. या वाक्याचा भलता अर्थ निघेल असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी सुचवले. तर मग पाय मला विचारूनच चालत होते, असे लिहावे.

पुढे जुन्या काळचे मातीचे घर आहे. तेथे चुलीवर तोर्तिया करून दाखवतात. ते काम करणारी बाई आज आली नव्हती, म्हणून घराची देखभाल करणारे श्री. नाबोर येस्कास स्वतः उंडा घेऊन उभे होते. त्यांची तोर्तिया फाटली. ती त्यांनी लोकांना दाखवून सांगितले, "हा बघा आपल्या सोनोराचा नकाशा." मला राहवेना. मी म्हटले, "अहो, ही कणीक मळलीय की भिंत लिंपायला घेतलीय?"

ते म्हणाले, "दारात उभं राहून नावं ठेवायला काय जातंय! येतं का तुम्हाला?"

"तीन पोरं ह्याच्यावरच वाढवलीत."

"मग या की आत, वाट कुणाची बघताय?"

त्यांनी खुंटीवरचा लांब घागरा व शाल दिली. मी घागरा नेसून, शाल डोक्यावरून घेऊन हात धुतले, उंडा घेतला आणि दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरून पातळ केला. पलीकडे उभा असलेला माणूस आरपार दिसायला लागला, तशा टाळ्या पडल्या. माझ्या तोर्तियांना आजवर टाळी मिळालेली नाही. गिऱ्हाईक डझन नेते आणि मागच्या वेळच्या कच्च्या होत्या म्हणते. एका मुलाने विचारले, ही बाई खरी आहे का? नाबोर म्हणाले, "चावून बघ. बाईला नको, तोर्तियाला."

तेवढ्यात भोंग्यावर सूचना झाली की एक वृद्ध, अबोल, सावकाश चालणारी बाई हरवली आहे. मला काळजी वाटली. मी नाबोरना म्हटलेसुद्धा, "बिचारी! एवढ्या उन्हात कुठं गेली असेल?"

मग हिल्दार्दो आत आला. घामाघूम झाला होता. मला म्हणाला, "बाई, इकडं एक म्हातारी दिसली का? सोबत निळा आइसबॉक्स आहे." आइसबॉक्स चुलीमागे होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि गरम तोर्तिया त्याच्या हातावर ठेवली. त्याने एक घास खाल्ला. म्हणाला, "अरे वा! अगदी माझी आई करते तशी." त्याने माझा फोटो काढला आणि तक्रार द्यायला गेला. मी का बोलले नाही असे विचारले असता सांगते की, तो ओळखेल म्हणून थांबले होते. शिवाय दुसरी तव्यावर होती.

चौकीत साहेबांनी त्याच्याकडे आईचा फोटो मागितला. मोबाइलमध्ये नातवंडांचे पुष्कळ होते, माझा कुठे कोपर, कुठे पाठ. शेवटचा फोटो बघून साहेबांनी विचारले, "ही कोण? काय खळखळून हसतेय!" तो म्हणाला, "ती इथली नोकर आहे." यानेथ ओरडली, "अहो, काय बोलताय? ह्या आईच आहेत!" हे सगळे यानेथने मला चुलीपासून चौकीत आणताना सांगितले.

दर रविवारी चूल सांभाळाल का, असे निघताना नाबोरनी मला विचारले. त्यांचे विचारून व्हायच्या आत मी हो म्हटले. हे मी चौकीत हिल्दार्दोला साहेबांसमोर सांगितले. तो खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "मला ओळखता आलं नाही गं, आई."

मी म्हटले, "मलाही नाही रे. भोंग्यावर नाव घेऊन सांगायचं होतंस."

त्यावर तो आधी रडला, मग हसू लागला, मग आम्ही सगळेच, साहेबसुद्धा. भ्रमाचे म्हणणे त्याने आपण होऊन मागे घेतले.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये हसू आवरेना म्हणून दोनदा थांबावे लागले. तो माझ्या सांगण्याबरहुकूम व बरोबर आहे, आणि तो मी पूर्ण शुद्धीत दिला आहे.

सही: ओबदुलिया तानोरी
(कागदावरचे डाग पिठाचे आहेत.)