स्मुल्डर्सबाईंचा पेशंट

...आणि वर त्या डच शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं काय, तर तुमचं डच पुस्तकातलं आहे, तुम्ही माणसांशी बोला. आता मला सांगा, दोन हजार वीसचा एप्रिल, सगळं बंद, शेजारी समोर आला तर दीड मीटरवरून मान हलवून घरात पळतोय, ऑफिस लॅपटॉपात शिरून बसलंय, आणि ह्या बाई आमच्या श्रीनिवासला स्क्रीनवरून सांगतायत, माणसांशी बोला. कुठली माणसं? आणायची कुठून?

श्रीनिवास म्हणजे फेल्डहोवन ह्या डच गावातला. म्हणजे मूळचा सहकारनगरचा, पण नोकरी फेल्डहोवनला, ते चिप बनवायची यंत्रं करतात ना, तिथे. वय अठ्ठेचाळीस, चांगलं घर, दारासमोरून सायकलचा रस्ता, रस्त्यापलीकडे झाडं, झाडांवर पक्षी... आणि घरात कोण, तर हा एकटा. बायको, मंजूषा, फेब्रुवारीत पुण्याला गेली, आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून. जाते आणि येते, म्हणाली. गेली, आणि विमानंच बंद झाली.

मग रोज व्हिडिओ कॉल. "जेवलास का?" "हो." "काय केलंस?" "आमटी-भात." आमटी कसली, हा माणूस तिन्ही त्रिकाळ पोहे खात होता, तेही ओट्यापाशी उभ्या उभ्या, कढईतूनच. पण फोन असा धरायचा की मागे पडलेली भांडी दिसू नयेत, आणि म्हणायचं, सगळं छान. बॉस विचारतो, सगळं ठीक? सगळं छान. अंगणात शेजारी लांबून विचारतो, आलेस खूट? म्हणजे डचमध्ये तेच, सगळं छान ना. आलेस खूट. तुम्हाला सांगतो, त्याचे सगळ्यात उत्तम उच्चार ह्या दोन शब्दांचे होते.

तर त्या शिक्षिकेनेच शोधून दिलं. खेमेन्तेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करणारे स्वयंसेवक हवे होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र असायचं, ज्यांना विसरण्याचा आजार आहे, डिमेन्शिया, त्यांना सकाळी गाडीतून न्यायचं, कॉफी, गाणी, सगळ्यांनी मिळून सूप करायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. ते करोनात बंद पडलं. मग म्हाताऱ्यांनी करायचं काय? तर आठवड्यातून एकदा कुणीतरी फोन करून विचारायचं, कसं काय. बस, एवढंच. श्रीनिवासचा हेतू काय समाजसेवेचा नव्हता हो, डचची परीक्षा द्यायची होती, फुकटात बोलायला मिळत होतं.

खेमेन्तेकडून हे बघणारी एक अनौक नावाची मुलगी होती, कायम घाईत. तिने सांगितलं, तुम्हाला मेव्राउ स्मुल्डर्स देते. मेव्राउ म्हणजे श्रीमती. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात, दर बुधवारी फोन करा, गप्पा मारा, आणि नंतर मला कळवा त्या कशा आहेत. काही बिघडलंय असं वाटलं तर लगेच कळवा, हं? सुपर. प्रत्येक वाक्याला सुपर.

बुधवारी श्रीनिवासने बाथरूमच्या आरशासमोर तयारी केली, घसा खाकरला, फोन लावला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "नमस्कार मेव्राउ, मी श्रीनिवास, खेमेन्तेचा स्वयंसेवक, आपलं कसं चाललं आहे हे विचारण्यासाठी..."

"कोण? निक?"

"श्रीनिवास."

"हां, निक. बरं झालं फोन केलास. आता सांग, जेवलास का?"

हा गडबडला. प्रश्न ह्याने विचारायचे होते ना? पण बाई थांबायला तयार नाहीत. काय जेवलास? पोहे म्हणजे काय? भाजी होती का त्यात? बाहेर फिरून आलास का? झोप लागते? पोट साफ होतं का? आता पोट साफ होण्याचं डच कुठल्या पुस्तकात असतं? पण स्मुल्डर्सबाई जन्मभर गावात नर्स होत्या, सायकलवरून घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना बघायच्या, त्यांना असल्या प्रश्नांची कसली लाज. शेवटी विचारलं, "घरात कोण कोण आहे तुझ्या?"

श्रीनिवास म्हणाला, "कोणी नाही."

 हे त्याने आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. मराठीत सांगितलं नव्हतं, इंग्रजीत नव्हतं. मराठीत काय, माणसाकडे शब्द भरपूर असतात, गुंडाळता येतं, हो अगं, मजेत आहे, एकटेपणाचीही गंमत असते वगैरे. डचमध्ये ह्याच्याकडे शब्दच इतके थोडे की खोटं बोलायला पुरायचे नाहीत. बायको लांब आहे. घर मोठं आहे. संध्याकाळ वाईट आहे. एवढीच वाक्यं येत होती, तेवढी सांगितली.

"हं," बाई म्हणाल्या. "ते वाईटच. उद्या भाजी कर. पुढच्या बुधवारी विचारणार मी. हाउदू." हाउदू म्हणजे तिकडच्या बोलीत अच्छा, येते.

मग अनौकला फोन. "आलेस खूट?" "आलेस खूट." "सुपर."

पुढच्या बुधवारी बाईंना काही आठवत नव्हतं. कोण, निक? जेवलास का? घरात कोण आहे? पुन्हा पहिल्यापासून. आणि ह्यानेही पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा. तुम्हाला सांगतो, तेच दुःख दर आठवड्याला नव्याने ऐकून घेणारं माणूस मिळायला नशीब लागतं. आपल्या घरच्यांना दुसऱ्यांदा सांगा बरं. लगेच म्हणतात, अरे, हे सांगितलंस की मागे. बाई दर वेळी तेवढ्याच हळहळायच्या. आणि ह्याचं डच असं सुधारलं म्हणता, तेच तेच सांगून, की शिक्षिका थक्क.

उन्हाळा गेला. बाईंचं मात्र उतरत चाललं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तर म्हणायला लागल्या, विम बागेत आहे, थांब त्याला हाक मारते. फोन टेबलावर ठेवायच्या, आणि विसरून जायच्या. इकडे हा कानाला लावून बसलेला. रेडिओ ऐकू यायचा, सपातांचा आवाज, कपाट उघडल्याचा, नळाचा. कुणीही म्हणेल, ठेवावा की फोन. श्रीनिवास ठेवत नसे. स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायचा आणि आपलं ऑफिसचं काम करत बसायचा. पलीकडे बाई घरभर फिरतायत, काहीतरी पुटपुटतायत... आपल्याच घरात कुणी वावरतंय असं वाटायचं त्याला. आतल्या खोलीत.

हे अनौकला सांगायला हवं नव्हतं का? होतंच. कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण सांगितलं की बाईंना केअर होममध्ये हलवणार, आणि तेव्हा त्या होम्सची काय अवस्था होती ऐकलंय ना आपण सगळ्यांनी... माणसं काचेच्या बाहेर उभी राहून हात हलवत होती. असं तो स्वतःला समजवायचा. बाईंना हलवलं तर बुधवारी आपण काय करायचं, हा विचार मनात यायचा तेव्हा तो उठून चहा टाकायचा. "आलेस खूट?" "आलेस खूट." "सुपर."

तोवर विमानंही सुरू झाली होती. मंजूषा म्हणाली, "आत्ता थंडीत कशाला, आईला जरा चालू लागू दे ना. तुझं काही अडत नाहीये ना तिकडे?"

"छे. सगळं छान."

आता तिला दोष द्यायचा कसा? नऊ महिने हाच तर सांगत आला होता.

आणि मग नोव्हेंबरातला एक बुधवार. बाहेर पाऊस, तिकडचा तो तिरका, कंटाळवाणा. फोन लावला. "कोण, निक? जेवलास का?" आणि मागून आवाज येतोय, टीं टीं टीं, टीं टीं टीं. श्रीनिवास म्हणाला, मेव्राउ, तो आवाज कसला? "पक्षी असेल," बाई म्हणाल्या. पक्षी? तो धुराचा अलार्म होता. "गॅसवर काही आहे का?" "गॅसवर? विमचं जेवण आहे की."

कुणी म्हणेल, ११२ ला फोन का नाही केला? अहो, फोन एकच, त्याच्यावर बाई. ठेवला आणि त्यांनी पुन्हा उचललाच नाही तर? घर माहीत होतं, दर बुधवारी सांगायच्याच, चर्चच्या मागे, निळं दार, भूक लागली तर ये. ह्याने कानात इयरफोन खुपसले, मास्क लावला, सायकल काढली आणि पावसात सुटला, एकीकडे बोलतोय, मेव्राउ, स्वयंपाकघरात जाऊ नका, मेव्राउ, खुर्चीवर बसून रहा... आणि बाई कानात म्हणतायत, "दम लागलाय तुला निक. फिरायला जात नाहीस, म्हणून."

निळं दार. बेल मारली. बाईंनी साखळी न काढता फटीतून बघितलं. लहानखुऱ्या, पांढरे केस नीट विंचरलेले, कानाला फोन. बाईंना ह्याने पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी काय बघितलं? मास्क लावलेला, निथळत असलेला एक परका पुरुष.

"दारावर काही घेत नाही आम्ही."

"मेव्राउ, मी श्रीनिवास. निक."

"आत्ता वेळ नाही. मी निकशी बोलतेय." आणि दार लावून घेतलं.

आता ह्याच्यावर माणसाने काय करावं? आतून अलार्म केकाटतोय, दाराच्या फटीतून जळका वास येतोय. श्रीनिवास पायरीवर उभा राहिला आणि फोनमध्ये म्हणाला, "मेव्राउ, दारात कुणी आलंय का?"

"हो ना. कोणीतरी ओला माणूस."

"चांगला आहे तो. मी ओळखतो त्याला. त्याला आत घ्या."

"खात्री आहे तुझी?"

"हो, मेव्राउ."

"तू म्हणतोस म्हणून हं." साखळी निघाली.

आत नुसता धूर. कोबीचे छोटे गड्डे असतात ना, स्प्राउट्स, त्यांचा कोळसा झाला होता, आणि शेजारच्या फडक्याची कड जळायला लागली होती. ह्याने गॅस बंद केला, फडकं सिंकमध्ये टाकलं, खिडक्या उघडल्या, खुर्चीवर चढून तो अलार्म बंद केला. उतरून बघतो तर बाई फोनमध्ये हळू आवाजात सांगतायत, "निक, बिचारा उपाशी दिसतोय रे. तोंडावरून कळतं. त्याला आधी खायला देते, मग बोलू आपण. हाउदू." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. अंग पुसायला टॉवेल दिला, पावाला लोणी लावलं, चीज ठेवलं, मधोमध कापून ताटलीत समोर केलं. मास्क काढ म्हणाल्या, खाणार कसा? दीड मीटर वगैरे कुणाच्या लक्षात होतं? फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हा माणूस बसून, ताटलीत, समोर कुणीतरी असताना जेवत होता. 

बाई बघत होत्या. "कुठला तू? इंडियाचा? आमच्या त्या निकसारखा आहेस. माझा पेशंट आहे एक. बायको लांब असते त्याची. फार एकटा आहे. कुणाला बोलून दाखवत नाही, सगळ्यांना सांगत असणार, आलेस खूट. असली माणसं मी ओळखते. म्हणून मी दर बुधवारी त्याला फोन करते. नाहीतर कोण करणार?"

श्रीनिवासने ताटली बाजूला केली. व्हरांड्यात, नाही, तिथे व्हरांडा कुठला, मागच्या दारात जाऊन उभा राहिला आणि अनौकला फोन लावला.

"आलेस खूट?" अनौक म्हणाली.

"नाही," श्रीनिवास म्हणाला. "काहीच छान नाही. खूप दिवसांपासून नाही." आणि सगळं सांगितलं, विम, टेबलावर राहिलेले फोन, आपण त्यांचे निक कसे झालो ते, सगळं. पहिल्यांदाच ती सुपर म्हणाली नाही. म्हणाली, "आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," तो म्हणाला.

बाईंना गावाबाहेरच्या होममध्ये जागा मिळाली. भेटायला एकाच माणसाला परवानगी, ती त्यांच्या खरोनिंगनच्या भाचीला. श्रीनिवासने एका बुधवारी तिथे फोन केला, तर तिथली नर्स म्हणाली, त्या आता फोनला घाबरतात हो, आवाज कुठून येतो ते त्यांना कळत नाही, राग मानू नका, पण फोन करू नका. राग कसला मानायचा? बुधवार आला की हा लॅपटॉप उघडून बसायचा, आणि घर इतकं शांत की फ्रिज चालू झाला तरी दचकायचा.

मग एक दिवस अनौकचाच फोन. म्हणाली, मेव्राउ स्मुल्डर्स होममध्ये जायच्या आधी हटून बसल्या होत्या, माझ्या निककडे कोण बघणार ते सांगा, त्याशिवाय गाडीत बसत नाही. आम्ही शब्द दिला. म्हणून तुमचं नाव घातलंय आमच्या यादीत, बुधवारी एक स्वयंसेवक तुम्हाला फोन करेल. चालेल ना? सुपर.

म्हणजे बघा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चांगल्या नोकरीतला माणूस, खेमेन्तेच्या एकाकी म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसला. नाही म्हणावंसं वाटलं त्याला. म्हणता आलं नाही.

बुधवारी फोन वाजला. मेनेर, म्हणजे श्रीयुत, कूलन म्हणून रिटायर्ड गृहस्थ, आवाज भारदस्त. "तर मग? आलेस खूट?"

आणि श्रीनिवासने ठरवलंच होतं, ह्या वेळी खरं सांगायचं. आता डचही चांगलं यायला लागलं होतं. तो शांतपणे, एकेक वाक्य जुळवून म्हणाला, "नाही, बरं नाही चाललंय. बायको वर्ष होत आलं लांब आहे, ये असं तिला मी म्हणूच शकलो नाही. घरात मी एकटा असतो. मला फार एकटं वाटतं."

 मग कूलन म्हणाले, "काय? जरा मोठ्याने बोला, माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी गेलीय."

"मला फार एकटं वाटतं."

"काय वाटतं?"

"एकटं!" आता हे इतक्या मोठ्याने गेलं की समोरच्या रस्त्यावर एक बाई सायकल थांबवून खिडकीकडे बघायला लागली.

"अच्छा, अच्छा," कूलन खूश होऊन म्हणाले, "म्हणजे आलेस खूट?"

आता माणसाने हे किती वेळा ओरडायचं? श्रीनिवासने त्या सायकलवाल्या बाईला हात केला, खुर्ची ओढून बसला, आणि म्हणाला, "हो. आलेस खूट. तुमचं कसं काय, मेनेर कूलन?"

आणि तुम्हाला सांगतो, एवढं मात्र कूलनना पहिल्या फटक्यात ऐकू आलं.