संडासाच्या दारावरची पाटी, घर क्रमांक ८६

जबाब, दि. २९/११/२०१८

नाव जयवंती चिमण हाडळ, वय अंदाजे ४५ वर्षे, धंदा शेती व मजुरी, रा. मोहपाडा, ता. तलासरी, जि. पालघर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, वरील ठिकाणी मी व माझी सासू बायजी अशा दोघी राहतो. वर लिहिलेले मधले नाव माझ्या मालकांचे आहे. ते मी तोंडाने घेत नाही, म्हणून कागदावर लिहून दिले. मालक २०१६ साली चिकूच्या वाडीत झाडावरून पडून वारले. मी शाळेत गेलेली नाही. खताच्या पोत्यांवरची आणि एसटीवरची अक्षरे बघून वाचायला शिकले.

आमचे घर कारवीच्या कुडाचे आहे. गेल्या वर्षी पंचायतीकडून घराच्या बाजूला विटांचा संडास बांधून मिळाला. त्याला पाणी नाही. खड्डा गुडघ्याएवढा आहे. बांधणाऱ्या गवंड्यांनीच तो पहिल्यांदा वापरला आणि तसाच टाकून गेले. आमच्या पाड्यात कोणी संडासात लाकडे भरली आहेत, कोणी कोंबड्या कोंडल्या आहेत. आमचा बंद असतो. बंद असूनही वास येतो.

यंदा पावसाळ्यानंतर घरांना नंबर देण्याचे काम निघाले. ते ठेक्याने घेतलेला रविंद्र नावाचा माणूस डहाणूहून पत्र्याच्या पाट्या घेऊन आला. पाटीवर घराचा नंबर व खाली घरमालकाचे नाव असते. आमचा नंबर ८६ आहे व नाव मालकांचे आहे. रविंद्रने कुडाला खिळा ठोकला, तर माती पडली. मग त्याने पाटी संडासाच्या दारावर ठोकली. आमच्या पाड्यात पक्के बांधकाम संडासाचेच आहे, त्यामुळे सगळ्या घरांचे नंबर संडासावर लागले आहेत.

मी त्याला म्हटले, "दादा, ही पाटी इथे नको. माझ्या दाराच्या चौकटीला लाव, ती सागाची आहे."

तो म्हणाला, "मावशी, संडास नि नंबर एकाच फोटोत दाखवायचाय, चौकट त्यात दिसत नाय. आणि नंबर घराला दिलाय, तुमच्या नवऱ्याला नाय."

मी म्हटले, "मग त्याचं नाव कशाला लिहिलंस?" त्याने उरलेल्या पाट्या उचलल्या. पुढच्या घरी गेला.

नंतर मी पंचायतीत जाऊन सांगितले. तिथला शिपाई लाहू आमच्याच पाड्यातला आहे. तो म्हणाला, "काकी, आख्ख्या पाड्याचे नंबर संडासावर हायेत. माझ्या बापाचं नाव पण तिथंच हाय. तो जित्ता हाय, तो काय बोलत नाय, नि तुम्हीच कशाला?" सगळे हसले. मी परत आले.

माझ्या सासूला वाचता येत नाही. पाटीवर काय आहे ते मी तिला सांगितले होते. सांगायला नको होते. आमच्यात नवे भात निघाले की पहिला घास गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात. यंदा सासूने तो पानावर घेऊन संडासाच्या दारासमोर ठेवला. म्हणाली, "पोराचं नाव तिथं हाय, तर मी दुसरीकडे कुठं ठेवू?" लाहूच्या बायकोने ते पाहिले. पाड्यातली मुले आता सासूला बघून "संडासाला नैवेद्य" असे ओरडतात. सध्या भूकंपाने जमीन हादरते म्हणून आम्ही दोघी अंगणात झोपतो. सासू संडासाकडे तोंड करून झोपते.

काल दि. २८ रोजी दुपारी रविंद्र जीप घेऊन फोटो काढायला आला. सोबत दोन माणसे होती, त्यांची नावे मला माहीत नाहीत. त्याने मला संडासासमोर, पाटी दिसेल अशी उभी राहायला सांगितले. मी राहिले. तो म्हणाला, "मावशी, जरा हसा. फुकट मिळालाय." बोलता बोलता तो तंबाखू मळत होता. मळून झाल्यावर चुन्याचे बोट त्याने पाटीवर पुसले. बाजूला सगळी भिंत मोकळी होती. बोट नावावरून ओढले. नंतर तिथेच थुंकला.

सासू उठली आणि पदराने पाटी पुसू लागली. चुना पुसला जाईना, पसरत गेला. रविंद्र म्हणाला, "राहू दे ग आजी, संडासच आहे तो."

मला त्याची किळस आली. मी घरातून कोयता आणला आणि पाटी उपटून काढली. पाटी माझ्या हातात असताना रविंद्रने ती ओढली, तेव्हा पत्र्याच्या कडेने त्याचा तळवा कापला. मी त्याच्यावर कोयता उगारला नाही. उगारला असता तर तसे सांगितले असते. मी सरकारी मालाची मोडतोड केली असे त्याचे म्हणणे आहे. पाटी मोडलेली नाही. एका कोपऱ्यात वाकली आहे, ती मी ठोकून सरळ करीन.

सदर पाटी काल पोलिसांनी ताब्यात घेतली. मी जबाब देत असताना ती टेबलाखाली, साहेबांच्या बुटांजवळ पडली आहे. चुना अजून तसाच आहे. ती तिथून उचलावी अशी माझी विनंती आहे. तपास झाला की पाटी मला परत मिळावी. घराच्या चौकटीला मी स्वतः लावीन. चौकट मालकांनी बसवली आहे, खिळा धरते.

हवालदार साहेब जबाब वाचून दाखवणार होते, पण मी स्वतः मोठ्याने वाचला. मालकांचे नाव आले तिथे मी थांबले, तेवढे त्यांनी वाचले. लिहिलेले सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. साहेबांनी पाटी उचलून टेबलावर ठेवली, मग मी सही केली.