पंखा कोणी बंद केला

त्या सकाळी पाणी भरून झाले होते आणि मी पतीच्या कामाच्या शर्टाला ठिगळ लावत होते. ठिणग्यांनी बाहीची चाळण झाली होती. ते म्हणाले, "राहू दे, टाकीत मला कोण बघतंय?" तसाच घालून गेले.

मी मयत वेल्डरची पत्नी, वय अठ्ठेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार कारखान्यामागची गल्ली. समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडत. सांधा काळा पडू नये म्हणून त्यावर आर्गॉन वायू सोडतात. त्याविषयी मी पुस्तकांत वाचले आहे. तो विषारी नाही, त्याला वास नाही. आपल्या श्वासातल्या हवेतही तो थोडा असतो, बल्बमध्येही भरतात. पती त्याला आळशी म्हणत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो हवेहून जड. टाकीत तळाशी साचला की श्वासाला हवा उरत नाही.

हवा खेळती राहावी म्हणून टाकीला पंखा लावतात. त्याच्या वाऱ्याने वायू उडतो आणि सांधा बिघडतो, म्हणून पती तो बंद करायला लावत. यावरून आमची भांडणे होत. ते म्हणत, "काळा सांधा कारखान्यात परत येतो, मी घरी परत येतो. तुला काय हवं?" पंखा बंद दिसला तरी मालक हटकत नसत, असेही ते सांगत.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ते टाकीत उतरले. हाकेला ओ आली नाही, म्हणून त्यांचा जोडीदार मागोमाग उतरला आणि तोही पडला. दोघांना बाहेर ओढून काढले. जोडीदार वाचला.

शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "वहिनी, पंखा मीच बंद केला." कोणाच्या सांगण्यावरून, ते तो बोलला नाही. मालकही त्याच्याकडेच बोट दाखवतात. माझे दीर म्हणाले, "वहिनी, त्याचं नाव घ्या. आपला माणूस गेलाय." मी म्हणाले, "भाऊजी, आपला माणूस कसं काम करायचा ते मला माहीत आहे."

जोडीदाराविरुद्ध माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी घरी माणसे जमली. जोडीदार रस्त्यापलीकडे उभा होता, त्याच्याशी कोणी बोलेना. मी उठून गेले, त्याला हाताला धरून आणले आणि माझ्याशेजारी बसवले.

हे मला वाचून दाखवले, मीही एकदा वाचले. मी बोलले तेच यात आहे.