दाई माशांची वडी

बाळांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर बाळ.

“आई, डॉक्टर आजही रागावतील. वजन वाढलेलं नाहीच.”

“घाबरू नकोस. आपल्या मधमाशांच्या पेटीतल्या अळ्याही फुलं संपल्यावर अशाच सुकल्या होत्या. सोयापिठाची वडी ठेवली, तशा सावरल्या.”

“अळ्या वडी खातात?”

“छे गं! वडी खातात दाई माशा. त्यांना दूध सुटतं, ते त्या अळ्यांना पाजतात.”

“आणि वडी नसली तर?”

“अंगातलं झिजवून पाजतात बिचाऱ्या... सकाळी काय खाल्लंस तू?”

“चहा घेतला की.”

“आणि काल दुपारी?”

“बाळ रडत होतं, आई.”

तेवढ्यात सिस्टर आल्या. “चला, बाळाला काट्यावर ठेवा.”

“थांबा सिस्टर. मोठा काटा कुठाय? आधी हिचं वजन करा.”